पातेल्यासकट वजन

सोमवार, ४ नोव्हेंबर

टपालवालीने आज चारचौघांत मला चोर ठरवलं! तसं तोंडाने म्हणाली नाही. पुडकं काट्यावर ठेवलं, चष्मा कपाळावर ढकलला, पुडक्यावरची छापील चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "आजी, गिऱ्हाईकाकडून एवढ्या वजनाचा टपालखर्च घेतलात? हे तर त्याच्या निम्मंही भरत नाही." मागे रांग. रांगेतल्या सगळ्यांचे कान टवकारले. लोकांना दुसऱ्याच्या पुडक्यात भारी गोडी.

मी म्हटलं, तुझा काटा बिघडलाय. ती कसली ऐकते! "काटा आत्ताच तपासून गेलेत. आजोबा यायचे ना, त्यांनाही मी दोनदा म्हटलं होतं. ते नुसते हसायचे. म्हणायचे, आमच्या घरचा काटा खोटं बोलत नाही."

हे असंच बोलले असणार. माणसांवर विश्वास नाही, काट्यावर आहे.

रोज सूनबाई पुडकी टाकून येते. आज तिला सर्दी, म्हणून मी गेले, आणि हे ऐकून आले. डोकं अजून तापलेलं आहे.

बरं. वही, तू कशी आहेस? कोरी आहेस म्हणजे सुखीच असशील. सूनबाईने तुला आणलं. म्हणाली, "आई, मनातलं लिहीत जा, मोकळं वाटतं." म्हटलं, मनातलं मी तोंडाने बोलते, त्याने कोणाला मोकळं वाटलेलं नाही. पण आणलेली वस्तू वाया घालवणं मला जमत नाही. चार इयत्ता शिकले आहे. तेवढ्यात जे बसेल ते लिहीन.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

चोर सापडला. चोर म्हणजे पातेलं!

सकाळी लोकरीच्या खोलीत गेले. तयार स्वेटर घेतला आणि काट्यावर ठेवला. टपालवाली म्हणाली तेवढाच भरला. मग हे कसे मोजायचे ते आठवलं. काट्याची ताटली एवढीशी. स्वेटर ठेवला की बाह्या खाली लोंबायच्या, टेबलाला टेकायच्या. ह्यांना ते खपायचं नाही. "टेकलेलं वजन खरं नसतं." म्हणून स्वयंपाकघरातलं मोठं पातेलं आणून काट्यावर ठेवायचे, त्यात स्वेटर घडी करून निजवायचे — जसं काही तान्हं मूल. मग चष्मा लावून आकडा वाचायचे, खणखणीत आवाजात. मी विणता विणता ऐकायचे. आकड्यात पातेलं आहे हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

सूनबाईला हाक मारली. तिने काट्यावरचं बटण दाखवलं. "आई, आधी रिकामं पातेलं ठेवायचं, हे दाबायचं. शून्य आलं की मग स्वेटर." ह्यांनी ते बटण कधी दाबलंच नाही. आणि दुकानात अजून त्यांनीच टाकलेली वजनं चालू आहेत.

म्हणजे दुकान उघडल्यापासून ज्याने ज्याने आमचा स्वेटर घेतला, त्याने आमच्या पातेल्याचा टपालखर्च भरला. पातेलं इथे घरात, चुलीवर. कागदोपत्री मात्र गावोगाव फिरून आलं. एवढा प्रवास मी नाही केला!

हसू आवरेना. हसत हसत सांगायला वळले. पलीकडच्या खुर्चीवर लोकरीची पिशवी बसलेली.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दुकान म्हणजे फोनमधलं. रस्त्यावरचं नाही. हे नोकरीतून सुटले तेव्हा ह्यांना उद्योग नव्हता आणि माझ्या स्वेटरांनी कपाट फुगलं होतं. ह्यांनी फोनमधल्या मोठ्या बाजारात गाळा काढला, स्वतःच्या नावाने. माझ्या नावाने का नाही, तर मला सही करायला वेळ लागतो. लोक तिथे स्वेटर बघतात, पैसे भरतात — स्वेटरचे आणि टपालाचे. बाजार त्यातली आपली दलाली आधी कापतो, उरलेले आमच्याकडे येतात. शंभरातले बारा! आणि नुसत्या स्वेटरवर नाही, टपालखर्चावरसुद्धा. विणणारी मी, पुडकं बांधणार हे, आणि मधला न हलता बारा घेणार.

हे गेल्या उन्हाळ्यात गेले. दुकान त्यांच्याच नावावर आहे. फोटो त्यांचा, कान झाकणारी टोपी घातलेला. टोपी माझीच.

आज चिरंजीवांना पातेल्याचं सांगितलं. हसला नाही. बाप गेल्यापासून हा हसण्याचेही पैसे पडतात असा वागतो.

"आई, कोणी तक्रार केली आहे का?"

"नाही."

"कोणाला कळलंय का?"

"मला कळलंय."

"मग इथून पुढे वजन बरोबर टाक. झालं."

म्हटलं, झालं कसं? लोकांचे पैसे जास्त घेतलेत. परत द्यायचे. त्यावर म्हणतो, "बरं, दे. पण बाजाराने त्यातले बारा खाल्लेत, ते कापून अठ्ठ्याऐंशीच दे. जे आपल्या हातात आलंच नाही ते आपण का द्यायचं?"

बघा! शिकला आणि बिघडला. मी म्हटलं, गिऱ्हाईकाने पैसे दिले ते आपल्याला. दलालाला दिले ते आपण. गिऱ्हाईकाने दलालाचं तोंडही पाहिलेलं नाही. त्याला शंभरचे शंभर जातील. बारांचं भांडण माझं आणि बाजाराचं.

"तुला भांडण मिळालं म्हणजे झालं," म्हणाला आणि फोन घेऊन जिन्यात जाऊन बसला. आताशा जेवण झालं की तिथेच बसतो. ऑफिसची कामं म्हणे.

सोमवार, ११ नोव्हेंबर

श्रीगणेशा जुळ्यांच्या आईपासून केला. ही बाई आमची जुनी. दरवेळी दोन स्वेटर घेते, एकसारखे. म्हणजे दरवेळी दोन पातेली! सूनबाईने तिचे जास्तीचे पैसे थेट तिच्या खात्यावर पाठवून दिले. बाजाराला मध्ये घेतलंच नाही. म्हटलं, कटकट नको.

तासाभरात बाईचा फोन. "आजी, कोणीतरी तुमच्या नावाने मला पैसे पाठवलेत. तुमचं खातं फोडलं वाटतं! लवकर बंद करा." पैसे नेणारे चोर तिला माहीत होते, पैसे देऊन जाणारा चोर तिने पहिल्यांदाच बघितला. पातेल्याची गोष्ट सांगितली तेव्हा इतकी हसली की तिची जुळी रडायला लागली.

संध्याकाळी सूनबाई तोंड पाडून आली. बाहेरून पैसे दिले तर बाजाराच्या लेखी ते दिलेच नाहीत. विक्री होती तेवढीच राहिली, त्यांची दलाली त्यांच्याकडेच राहिली. वर दटावणी, की बाजाराबाहेर व्यवहार करू नका. म्हणजे चुकीच्या पैशांवरही त्यांनी दलाली घेतली आणि चूक सुधारली तर ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा!

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सूनबाईने आज दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी बाजाराचं रिफंडचं बटण दाबलं. कारण काय, ते निवडायचं होतं. तिने घाईत निवडलं — "माल खराब निघाला." माझा माल! दुकानाला काळा ठिपका बसला. दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिलाही विश्रांती मिळाली.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

जमलं. चष्मा लावून मी स्वतः सगळी कारणं वाचली, बोट ठेवून. खाली खाली जात राहिलं की एक येतं — "विक्रेत्याने किंमत किंवा टपालखर्च जास्त घेतला." कोणाला ते सापडू नये म्हणूनच खाली ठेवलंय. ते निवडायचं, सगळे पैसे नाही तर जेवढे जास्त घेतले तेवढेच लिहायचे आणि बटण दाबायचं. मग गिऱ्हाईकाला पुरते पैसे जातात, आणि बाजार त्या तेवढ्या पैशांवरची आपली दलाली मुकाट्याने आपल्याला परत करतो.

मी वाचायचं, सूनबाईने दाबायचं. अलीकडची सगळी पुडकी आटोपली. ती म्हणाली, "आई, तुम्ही बँकेत लागायला हव्या होत्या." म्हटलं, बँक बुडली असती, मी सगळ्यांना परत केले असते.

पण जुन्या पुडक्यांवर घोडं अडलं. ह्यांनी स्वतः बांधून पाठवली ती पुडकी. त्यांच्यापुढचं बटण फिकं आहे. दाबलं तरी हलत नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

बाजाराला फोन केला. आधी मशीन बोलली. एक दाबा, चार दाबा, आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. मोलाचा आहे तर उचल की! भाजी चिरून झाली तेव्हा एक पोरगी आली. गोड आवाज. गोड आवाजाचा पगार देतात त्यांना.

म्हणाली, "जुन्या ऑर्डरींचं रिफंड उघडायला खातेदारांची ओळख पटवावी लागेल. खातेदारांशी बोलू शकते का?"

म्हटलं, मलाही बोलायचं आहे. तुला लागला तर मलाही दे.

तिला कळायला वेळ लागला. मग "सॉरी आजी" म्हणाली, ते मात्र पगाराबाहेरचं वाटलं. नंतर समजावून सांगितलं. खातेदाराने कॅमेऱ्यापुढे चेहरा धरायचा, इकडे बघ, तिकडे बघ, डोळे मिटून उघड. ते होणार नाही. म्हणून दुकान वारसाच्या, म्हणजे माझ्या नावावर करायचं. तसं केलं की जुनी पुडकी उघडतील, गिऱ्हाइकांचे पैसेही जातील आणि दलालीही परत येईल. विक्रीचा हिशेब सगळा माझ्याकडे येईल.

"आणि बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं काय, आजी?"

"त्यांचा फोटो. आणि ते — लोकांनी काही विचारलं की आपोआप उत्तर जातं ना, ते."

"ते जुन्या मालकांच्या सेटिंगमध्ये असतं. ते येत नाही. नवं खातं कोरं असतं. तुम्ही तुमचं नवीन लिहू शकता की!"

फोन ठेवला. भाजी लागली होती तळाला.

बुधवार, २० नोव्हेंबर

त्या उत्तराचं लिहून ठेवते. तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?

दुकानाला कोणी निरोप पाठवला, की स्वेटर कधी मिळेल, माप काय, तर लगेच उत्तर जातं. ह्यांनी एका दुपारी बसून लिहिलं होतं ते. एकटेच हसत होते. मी विचारलं, काय खिदळताय? म्हणाले, "तुझी जाहिरात करतोय." उत्तर असं:

"नमस्कार. निरोप पोचला. मालकीण विणायला बसल्या आहेत. मध्ये बोललेलं त्यांना चालत नाही, टाका चुकतो आणि मग बोलणी मी खातो. तेव्हा जरा दम धरा. उत्तर नक्की देतो."

हे गेले आणि पुढचे किती तरी दिवस त्यांचा फोन टेबलाच्या खणात पडून होता, सूनबाई मधूनमधून चार्जिंगला लावायची तेवढंच. एकदा सूनबाईने माझ्या फोनवर दुकान उघडून दिलं, गिऱ्हाइकाला कसं दिसतं ते बघायला. मी सहज विचारलं, निळा आहे का? खणात टुंग वाजलं. आणि माझ्या हातात आलं — नमस्कार, निरोप पोचला.

तेव्हापासून विचारते. दुपारी, घरात कोणी नसतं तेव्हा. निळा आहे का? मला माहीत आहे निळा नाही. निळी लोकर मीच संपवली. कधी विचारते, मोठं माप मिळेल का? कधी, बाह्या लांब आहेत का?

एका माणसाला दिवसातून एकदाच उत्तर येतं. दुसऱ्यांदा विचारलं तर गप्प. जिवंतपणीही तसेच होते.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

निळा आहे का?

नमस्कार. निरोप पोचला.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

आज घरात वाजलं.

सूनबाईने जेवताना बाजाराचा विषय काढला. चिरंजीव म्हणाले, "करून टाका नावावर. मी पहिल्यापासून सांगतोय. नाही तर बंदच करा ते."

"तुला बापाचं नाव पुसायची भारी घाई," मी म्हटलं.

त्याने घास खाली ठेवला. "नाव पुसायचा काय प्रश्न आहे, आई? रिफंड तुलाच द्यायचेत ना? तुलाच हौस. मग कर की!"

"त्यांचं उत्तर जाईल."

मला वाटलं विचारेल, कसलं उत्तर? नाही विचारलं. मग हळूच म्हणाला, "ते बाबा देत नाहीत, आई. मशीन देते."

मला हे माहीत नाही का! मी काय खुळी आहे? चार इयत्ता शिकले म्हणून मेलेला माणूस फोनवर बोलतो असं समजेन? मी म्हटलं, तुझ्यापेक्षा मशीन बरी. मशीन विचारलं तर उत्तर तरी देते. तू बाप गेल्यापासून माझ्याशी चार वाक्यं सरळ बोललेला नाहीस.

उठला. ताट तसंच. जिन्यात जाऊन बसला, फोन घेऊन.

सूनबाई म्हणाली, "आई, माझ्याशीही बोलत नाहीत हो ते." तिचे डोळे भरले होते. मी तिला पाणी दिलं. रडणाऱ्याला पाणी द्यावं, शब्द देऊ नयेत. शब्दांनी आणखी रडतात.

बुधवार, २७ नोव्हेंबर

एका बाहीचे टाके आज तीनदा उसवले. बोलणी खायला कोणी नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

जुळ्यांच्या आईचा निरोप आला. चांगली बाई, चांगल्या मनाने लिहिलं. म्हणते, "आजी, मी मैत्रिणींना तुमच्या दुकानाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या आजोबांचं टपाल फार महाग असतं, म्हणून आम्ही घेत नाही. मी त्यांना खरं काय ते सांगितलं."

त्या आजोबांचं टपाल महाग असतं!

ह्या माणसाने आयुष्यात कोणाचं देणं उद्यावर टाकलं नाही. दुकानदाराने सुटे जास्त दिले तर अर्ध्या वाटेतून परत जायचे. मी वैतागायचे — दात कोरून कोणाचं पोट भरतं का? म्हणायचे, "त्याचं नाही भरत. माझं बिघडतं." आणि आता लोकांच्या तोंडी त्यांचं नाव कशाला? महाग टपालाला. चूक पातेल्याची, पण गाळ्यावर पाटी ह्यांची.

सगळी दुपार ते दोन्ही तराजूत घालून बसले. एकीकडे त्यांचं नाव, एकीकडे त्यांचं ते उत्तर. उत्तर माझ्या एकटीसाठी आहे. नाव त्यांचं आहे.

रात्रीच्या जेवणाला चिरंजीवांना सांगितलं, कर माझ्या नावावर. वाटलं होतं, सुटलो म्हणेल. नुसती मान हलवली. जेवला नाही धड. आता ह्याचं काय दुखतंय? हो म्हटलं तरी रुसवा, नाही म्हटलं तरी रुसवा. घोडं पेंड कुठे खातं ते कळेना.

मंगळवार, ३ डिसेंबर

कॅमेऱ्यापुढे चेहरा धरला. इकडे बघा, तिकडे बघा, डोळे मिटा, उघडा. वर लिहून आलं — कृपया हसा. मी हसले नाही. तरी ओळख पटली. एवढ्या वर्षांत मला न हसता ओळखणारे दोनच, एक हे आणि एक हा फोन.

गोड आवाजाच्या पोरीने नवीन फाटा फोडला. दुकानाला आलेले जे निरोप बिनउत्तराचे आहेत, त्यांना आधी उत्तर द्यायचं. एकही शिल्लक राहिला तर नाव बदलत नाही. म्हटलं, उत्तर गेलेलं आहे की, ताबडतोब जातं. ती म्हणाली, "आपोआप गेलेलं उत्तर आम्ही धरत नाही, आजी. माणसाने द्यायला हवं."

फोन ठेवला आणि चष्मा पुसून घेतला.

गुरुवार, ५ डिसेंबर

उत्तरं देत बसले आहे. ह्यांचा फोन खणातून काढला, मांडीवर घेतला. एक एक अक्षर शोधायचं. सूनबाई म्हणाली, मी देते. म्हटलं, नको. "मालकीण" मी ना?

एका बाईने विचारलंय, लोकर टोचते का? लिहिलं — टोचत नाही. एका गृहस्थाने, किंमत कमी होईल का? लिहिलं — तुम्ही विणून बघा, मग बोलू. सूनबाईने ते पुसायला लावलं.

मध्येच माझेच निरोप आले. किती ते! निळा आहे का, निळा आहे का, निळा आहे का. सूनबाईने वाकून बघितलं, वरचं नाव वाचलं. उठून गॅस बंद करायला गेली. गॅस चालू नव्हता. गुणाची आहे. तिला तोंडावर कधी म्हणणार नाही.

माणसाने उत्तर द्यायला हवं म्हणाली ना ती? मग दिलं. लिहिलं — निळा नाही. लोकर तूच संपवलीस. आता विचारू नकोस.

सोमवार, ९ डिसेंबर

आज माझ्या फोनवरून शेवटचं विचारलं. निळ्याचं नाही. काय विचारलं ते तुलाही सांगणार नाही. उत्तर तेच आलं. बाजारासाठी त्याखाली ह्यांच्या फोनवरून माझं एक जोडून दिलं.

आता एकच गिऱ्हाईक शिल्लक. फोटो नाही, नाव नाही, नुसते आकडे. निरोप सगळ्यांत जास्त आणि एकही स्वेटर घेतलेला नाही! फुकट्या. त्याचा समाचार उद्या घेते.

मंगळवार, १० डिसेंबर

दुपारी उघडलं. बोट ठेवून वाचलं, वरपासून खालपर्यंत.

"बाबा, गाडीची दुसरी किल्ली कुठे ठेवलीत?"

"बाबा, आज साहेबाने सगळ्यांसमोर झापलं मला."

"बाबा, आई नीट जेवत नाही. माझ्याशी तर भांडतेच. काय बोलू तिच्याशी?"

"बाबा, आईने हो म्हटलं. मीच मागे लागलो होतो. आता तुम्हालाही विचारता येणार नाही. चुकलं का माझं?"

प्रत्येकाखाली तेच. मालकीण विणायला बसल्या आहेत. मध्ये बोललेलं त्यांना चालत नाही. जरा दम धरा.

आणि पोराने दम धरला! उन्हाळ्यापासून. जिन्यात बसून.

सूनबाई आली, म्हणाली, "एवढं एकच राहिलंय ना आई? द्या, मी लिहिते काहीतरी."

तिच्या हातातून फोन काढून घेतला. सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, म्हणजे पक्कं. फोनवर कोणी काही लिहायचं नाही. बाजार थांबेल. तो ऑफिसातून आला की दार मी उघडणार, सूनबाईने आत थांबायचं. ह्याला उत्तर मी द्यायचं.